साहस म्हणजे काय?
(किटी ओ'नीलच्या चरित्रावरून एक पाठ)



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुटीत नववीच्या वर्गातील एका मुलाने व्हरांड्याच्या कठड्यावरून खालच्या अंगणात उडी घेतली. उंची फार नव्हती. असेल आठ-नऊ फूट. आदल्या रात्री त्याने पाहिलेल्या चित्रपटात नायकाने तिमजली घराच्या गच्चीवरून उडी टाकली होती, आणि कपडे झटकून तो पुन्हा धावू लागला होता. आमच्या विद्यार्थ्याला मात्र कपडे झटकता आले नाहीत. त्याचा उजवा हात मनगटापाशी मोडला होता. पुढे सहा आठवडे तो हात प्लास्टरमध्ये घेऊन वर्गात बसे आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी अक्षरे काढी. एके दिवशी त्याने मला विचारले, "बाई, तो एवढ्या उंचावरून पडला, मग त्याचे हाड कसे मोडले नाही?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्याला म्हटले, "ह्याचे उत्तर तुला वार्षिकांकातून सविस्तर देईन." त्या वचनाची फेड म्हणून हा लेख लिहीत आहे. तो त्या एकट्यासाठी नाही, तुम्हां सर्वांसाठी आहे.

उत्तराचा पहिला भाग असा, की उडी मारणारा माणूस नायक नव्हताच. चित्रपटात नायक-नायिका घोड्यावरून कोसळतात, जळत्या घरातून धावतात, मोटारीसह उलटतात. त्या वेळी बहुधा त्यांच्यासारखाच पोशाख केलेली, त्यांच्याच बांध्याची दुसरी व्यक्ती कॅमेऱ्यासमोर असते. आपल्या मुंबईच्या चित्रसृष्टीत तिला 'डुप्लिकेट' म्हणतात. इंग्रजीत अशा प्रसंगांना 'स्टंट' असे नाव आहे. 1975 सालचा 'शोले' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात बसंतीचा टांगा भरधाव पळतो, त्या प्रसंगांत हेमा मालिनी ह्यांच्या जागी रेश्मा पठाण नावाची धाडसी स्त्री काम करीत होती. तिला त्यात दुखापतही झाली. टांगा सर्वांच्या लक्षात राहिला, बसंती राहिली, बसंतीची घोडी धन्नोही राहिली. रेश्माचे नाव किती जणांना ठाऊक होते? ह्या धंद्याचा नियमच असा, की काम जितके उत्तम साधेल तितका काम करणारा अदृश्य होतो. प्रेक्षकाला अदलाबदल कळली, तर काम फसले असे समजावे.

अशा अदृश्य माणसांपैकी एकीचे चरित्र मी आज निवडले आहे. तिचे नाव किटी ओ'नील. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात कॉर्पस क्रिस्टी ह्या गावी 24 मार्च 1946 रोजी तिचा जन्म झाला. ती जेमतेम पाच महिन्यांची असताना गोवर, गालगुंड इत्यादी आजारांनी तिला एकाच वेळी गाठले. ताप विलक्षण चढला. जीव वाचला, परंतु दोन्ही कानांची श्रवणशक्ती कायमची गेली. वडील वैमानिक होते. किटी लहान असतानाच विमानाच्या अपघातात त्यांचे निधन झाले. आई पॅट्सी ही चेरोकी ह्या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या वंशातील होती. मुलीला घरात झाकून ठेवायचे नाही, असा निश्चय करून तिने स्वतःच तिची गुरू होण्याचे ठरविले.

आता येथे क्षणभर थांबून तुम्ही एक प्रयोग करावा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'पाल', 'बाल' व 'माल' हे तीन शब्द उच्चारा. ओठांची हालचाल तिन्ही वेळा अगदी सारखी दिसेल. कारण व्याकरणात आपण शिकलो, त्याप्रमाणे प, ब, म हे तिन्ही वर्ण ओष्ठ्य आहेत. ज्याला ऐकू येत नाही आणि जो केवळ ओठांवरून शब्द ओळखतो, त्याला ह्या तिहींतील कोणता शब्द उच्चारला गेला, हे वाक्याच्या संदर्भावरून ताडावे लागते. असे शेकडो शब्द प्रत्येक भाषेत आहेत. म्हणजे बोलणाऱ्याचे एक वाक्य संपेपर्यंत ऐकू न येणाऱ्याने मनातल्या मनात दहा कोडी सोडविलेली असतात.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. बोटे गळ्यावर ठेवून प्रथम 'स्' हा ध्वनी लांबवा, नंतर 'म्' लांबवा. पहिल्या वेळी गळा स्तब्ध राहील. दुसऱ्या वेळी बोटांखाली कंप जाणवेल. अघोष व घोष हा भेद तुम्ही परीक्षेपुरता पाठ केला असेल. पॅट्सीने तोच भेद आपल्या मुलीला हाताने शिकविला. आईच्या गळ्यावर हात ठेवून कंप अनुभवायचा, मग तसाच कंप स्वतःच्या गळ्यात आणायचा, आणि डोळे आईच्या ओठांवर खिळवायचे, अशा रीतीने किटी बोलू लागली, ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली. कंपांच्याच आधाराने ती पियानो व चेलो ही वाद्येदेखील वाजवावयास शिकली. पुढे आईने बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकविणे हेच आपले कार्य मानले आणि विचिटा फॉल्स येथे त्यांच्यासाठी शाळा स्थापन करण्यात भाग घेतला. ह्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की पॅट्सीचा मार्ग हा एकमेव मार्ग नव्हे. हातांच्या खुणांची भाषा हीसुद्धा स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे, हे आता विद्वानांनी मान्य केले आहे. आपल्या देशातही भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासासाठी 2015 साली दिल्लीत शासकीय केंद्र स्थापन झाले.

येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरी माझ्या घरच्यासारखीच कोंकणी बोलली जाई. शुद्धलेखनात ती वाक्येच्या वाक्ये गाळी. मला वाटले, मराठीचा सराव कमी असेल, किंवा लक्ष नसेल. एकदा मी तिला सर्वांसमोर कठोर शब्दांत बोलले. वर्ष संपताना कळले, की तिला कमी ऐकू येत होते. मी समोर उभी राहून सांगे ती वाक्ये ती बिनचूक लिही. मी फळ्याकडे वळून सांगे तीच तेवढी गळत. तिच्या वहीत कोणती वाक्ये गळतात, हे मी वर्षभर पाहत होते. पण ती का गळतात, हे एकदाही विचारले नाही. किटीचे चरित्र प्रथम वाचले, तेव्हा मला त्या मुलीची वही आठवली.

असो. किटीकडे वळू. लहानपणापासून तिला पाण्यात सूर मारण्याचे वेड होते. ह्या क्रीडेत ती इतकी पुढे गेली, की डॉ. सॅमी ली ह्यांनी तिला शिष्या म्हणून स्वीकारले. डॉ. ली हे 1948 व 1952 अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत उंच फळीवरून सूर मारण्यात सुवर्णपदक मिळविलेले पुरुष. त्यांच्यापाशी शिकण्यासाठी किटी कॅलिफोर्नियात जाऊन राहिली. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचे स्वप्न तिच्या डोळ्यांसमोर होते. परंतु निवड स्पर्धेच्या सुमारास तिचे मनगट मोडले, आणि त्यातच मेंदूच्या व मज्जारज्जूच्या आवरणांना सूज आणणारा भयंकर ज्वर तिला झाला. पुन्हा चालता येईल की नाही, ह्याचीच शंका होती. ती बरी झाली. ऑलिंपिक मात्र हुकले ते हुकलेच.

एखाद्याने येथे हात टेकले असते. किटी वेगाच्या खेळांकडे वळली. नौकेमागे दोरीने बांधून घेऊन पाण्यावरून घसरत जाण्याच्या क्रीडेत तिने 1970 साली ताशी 104 मैलांहून अधिक वेग गाठला. ती मोटारसायकलींच्या व मोटारींच्या शर्यतींत उतरली. मध्यंतरी कर्करोगावरील शस्त्रक्रियाही तिला सोसाव्या लागल्या. ह्या शर्यतींच्या जगातूनच स्टंटच्या धंद्याशी तिची ओळख झाली, आणि रीतसर शिक्षण घेऊन 1970 नंतरच्या दशकात ती चित्रपटांत व दूरचित्रवाणीच्या मालिकांत कामे करू लागली. 1976 मध्ये 'स्टंट्स अन्‌लिमिटेड' ह्या निवडक साहसपटूंच्या संस्थेने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेतील ती पहिली स्त्री. 'द बायोनिक वुमन' मालिकेत लिंडसे वॅग्नर हिच्याऐवजी, 'वंडर वुमन' मालिकेत लिंडा कार्टर हिच्याऐवजी, आणि 1980 च्या 'द ब्लूज ब्रदर्स' ह्यासारख्या चित्रपटांत तिने काम केले. उंचावरून पडणे, अंगावर ज्वाळा घेऊन धावणे, मोटार उलटविणे ही तिची नित्याची कामे झाली.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग घेऊ. 1979 साली 'वंडर वुमन'साठी किटीने लॉस एंजेलिसजवळील शेर्मन ओक्स येथे एका हॉटेलच्या माथ्यावरून 127 फूट, म्हणजे सुमारे 39 मीटर, खाली उडी घेतली. बारा मजली इमारतीएवढी ही उंची; स्त्रियांच्या बाबतीत तो त्या वेळचा विक्रम ठरला. भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेले सूत्र वापरून पाहा. हवेचा अडथळा सोडून दिला, तर 39 मीटर पडावयास तीन सेकंदही लागत नाहीत, आणि तळाशी येताना वेग ताशी सुमारे 100 किलोमीटर झालेला असतो. आमचा मुलगा आठ-नऊ फुटांवरून पडला, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 25 किलोमीटर होता. मग कमी वेगाने पडणाऱ्याचा हात मोडावा आणि चौपट वेगाने पडणारी सुखरूप उठावी, हे कसे?

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना ह्याचे उत्तर न शिकविताच येते. जोरात आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. हात ताठ ठेवले तर तळवे भाजून निघतात. म्हणजे इजा करतो तो केवळ वेग नव्हे. तो वेग किती अंतरात व किती काळात शून्यावर येतो, ह्यावर सारे अवलंबून असते. आमच्या मुलाचा वेग अंगणातील फरशीने क्षणार्धात, बोटभर अंतरात संपविला. किटीखाली हवा भरलेली प्रचंड पिशवी होती. अशा पिशवीला बाजूंना झडपा असतात. अंग पिशवीवर आदळले, की हवा त्यांतून हळूहळू बाहेर पडते आणि शरीर काही मीटर अंतरात सावकाश थांबते. झडपा नसत्या, तर तीच पिशवी चेंडूसारखी उसळी देऊन माणसाला बाहेर फेकून देती. शिवाय पडणारा पायांवर किंवा हातांवर उतरत नाही. तो हवेत वळून पाठीवर उतरतो, म्हणजे धक्का सबंध पाठीवर वाटला जातो. हवेत अंग अचूक वळविण्याची ही विद्या किटीला सूर मारण्याच्या तालमीत पूर्वीच साधली होती. ऑलिंपिकसाठी केलेले श्रम वाया गेले, असे जे वाटले होते, ते असे फळास आले.

तरीदेखील धोका उरतोच. बारा मजल्यांवरून पाहताना ती मोठी पिशवीही लहानशी दिसते. आपण पिशवीच्या मधोमध पडलो नसतो तर बहुधा जिवंत राहिलो नसतो, अशा अर्थाचे उद्गार किटीने स्वतःच नंतर काढले. म्हणूनच उडीपूर्वी अंतर मोजावे लागते, वारा पाहावा लागतो, पिशवीतील हवेचा दाब तपासावा लागतो, कमी उंचीवरून पुनःपुन्हा सराव करावा लागतो. अंगाला आग लावण्याच्या प्रसंगी आत थंड लेपाने भिजविलेले कपड्यांचे थर असतात, आणि चौकटीबाहेर आग विझविणारी माणसे हातात साधने घेऊन उभी असतात. उलटणाऱ्या मोटारीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसविलेला असतो. पडद्यावर आपल्याला तीन सेकंद दिसतात; त्यामागचे तीन आठवडे दिसत नाहीत.

किटीला ऐकू येत नव्हते. मग हे काम तिला जड गेले नसेल का? ती उलट सांगत असे, की ऐकू न आल्यामुळे आपले चित्त दुसरीकडे जात नाही. यंत्राची स्थिती ती कंपांवरून ओळखी. जेथे इतर लोक कानांवर विसंबत, तेथे तिने डोळे, त्वचा व एकाग्रता कामाला लावली.

तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस मात्र चित्रपटातील नव्हता. ऑरेगन संस्थानाच्या आग्नेय भागात आल्वर्ड नावाचे वाळवंट आहे. आटलेल्या सरोवराचा तो सपाट तळ. 6 डिसेंबर 1976 रोजी तेथे किटीने 'मोटिव्हेटर' नावाची तीन चाकी अग्निबाण-गाडी चालविली. ह्या गाडीचे इंधन हायड्रोजन पेरॉक्साइड होते. त्याचे विघटन होऊन वाफ व ऑक्सिजन वेगाने मागे फेकले जातात आणि गाडी पुढे झेपावते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. दोन विरुद्ध दिशांनी केलेल्या धावांची सरासरी ताशी 512.710 मैल, म्हणजे सुमारे 825 किलोमीटर, भरली. आपल्या गोव्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे 105 किलोमीटर आहे. ह्या वेगाने ती आठ मिनिटांच्या आत संपेल. स्त्रियांचा ह्यापूर्वीचा, 1965 सालचा विक्रम ताशी सुमारे 308 मैलांचा होता.

परंतु ह्या विजयाला एक कडवट शेवट आहे. पुरुषांचा, किंबहुना सर्वांचाच, त्या वेळचा विक्रम ताशी सुमारे 622 मैलांचा होता. गाडीची सारी शक्ती अद्याप वापरली गेली नव्हती. आणखी एक धाव मिळाली, तर तो विक्रमही आपल्या हाती येईल, असा किटीला विश्वास होता. ती धाव तिला मिळाली नाही. तिच्या करारात केवळ स्त्रियांच्या विक्रमाचा उल्लेख होता. सर्वश्रेष्ठ विक्रमाचा प्रयत्न पैसे पुरविणाऱ्यांनी एका पुरुष साहसपटूसाठी राखून ठेवला होता. किटीला गाडीतून उतरविण्यात आले. पुढे वाद झाले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पण तो सर्वश्रेष्ठ विक्रम त्या गाडीच्या नावावर कोणीच लावू शकला नाही. बहिरेपण, आजार, वाळवंट ह्यांपैकी कशानेही जी थांबली नाही, तिला कागदावरच्या एका कलमाने थांबविले. मुलींनो, ही हकीकत तुम्ही विसरू नये. आणि मुलांनो, तुम्ही तर मुळीच विसरू नये.

1979 साली तिच्या जीवनावर दूरचित्रवाणीसाठी एक चित्रपट निघाला. 1982 च्या सुमारास, काही सहकारी कामावर असताना मृत्युमुखी पडलेले पाहून, तिने हा धंदा सोडला. पुढे साउथ डकोटा संस्थानातील युरेका ह्या छोट्या गावी ती शांतपणे राहिली आणि तेथेच 2 नोव्हेंबर 2018 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी निवर्तली. तिचा विक्रम बेचाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. 27 ऑगस्ट 2019 रोजी त्याच आल्वर्ड वाळवंटात जेसी कोम्ब्स ह्या स्त्रीने ताशी 522.783 मैल वेग गाठून तो मोडला. परंतु गाडीचे पुढचे चाक निकामी होऊन त्याच दिवशी तिचा अंत झाला. तिच्या विक्रमाला मान्यता मिळाली ती मरणोत्तर, 2020 साली. सर्व तयारी असूनही मृत्यू येऊ शकतो, हे ह्या धंद्यातील माणसे जाणतात, आणि म्हणूनच ती तयारीला इतकी जपतात.

ह्या अदृश्य कलावंतांची दखल जगाने फार उशिरा घेतली. घोडेस्वारीच्या साहसांत अग्रणी असलेले याकिमा कनट ह्यांना 1966 सालचे मानद ऑस्कर मिळाले, हा अपवाद. अखेर 10 एप्रिल 2025 रोजी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जाहीर केले, की 2027 मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या योजनेसाठी स्वतंत्र पारितोषिक असेल.

आता लेखाच्या शीर्षकातील प्रश्नाकडे येऊ. साहस म्हणजे काय? भीती न वाटणे म्हणजे साहस नव्हे. ज्याला भीती मुळीच वाटत नाही, तो पिशवीतील हवा तपासणार नाही. धोका ओळखावा, मोजावा, त्याच्याशी झुंजण्याची विद्या श्रमाने मिळवावी, सोबत्यांवर विश्वास ठेवावा, आणि मगच पाऊल उचलावे, ह्याला साहस म्हणतात. ह्यांतील एकही गोष्ट न करता उचललेले पाऊल हा अविचार. किटीची उडी व आमच्या विद्यार्थ्याची उडी ह्यांतील अंतर फुटांत मोजावयाचे नाही. ते तयारीत आहे.

आणि साहसाचा आणखी एक प्रकार आहे, जो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. आईच्या गळ्यावर बोटे ठेवून, कधीही न ऐकलेला शब्द पहिल्यांदा उच्चारू पाहणारी लहान मुलगी मला 127 फुटांवरून उडी घेणाऱ्या किटीइतकीच धीट वाटते. अशी मुलगी किंवा असा मुलगा तुमच्याही बाकावर असू शकेल. त्याने एखादा शब्द पुन्हा विचारला, तर हसू नका. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा सांगा.

मीही ते शिकत आहे. फळ्यावर लिहिताना आता मी बोलत नाही. लिहून झाले, की वर्गाकडे वळते, आणि मगच बोलते.